२००८ ची मारुती ओम्नी व्हॅन, खालून पत्रा सडतोय. डांबरी अंडरकोटिंग मारावं का?

मालवण_०८: आधीच्या मालकाने गाडीत मासळीचे क्रेट वाहिलेत. डाव्या सरकत्या दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे पत्र्याच्या पोकळ कडपट्टीत, स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटे बॉडीला टांगतात तिथे, गंजाचे पापुद्रे सुटतात, ब्रेकच्या पायपांवर तांबूस थर आहे. गॅरेजवाले म्हणतात, पावसाळ्याआधी खालून डांबरी कोटिंग मारून देतो. २०२८ ला पुन्हा पासिंग आहे. काय करू?

पत्राकाम: आत्ता कोटिंग अजिबात नको. गंजावर डांबर मारलं की वरून काळंभोर दिसतं, पण वर्षभरात त्याला चिरा जातात, पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. पत्रा आतून सडत राहतो आणि तुम्हाला दिसतही नाही.

तुमच्या गाडीत मूळ दुखणं मिठाचं आहे. क्रेटमधलं खारट पाणी मॅटखालच्या फेल्टमध्ये मुरलेलं असतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, आणि कोकणात पावसाळाभर तेवढी आर्द्रता असतेच. म्हणून गाडी छपराखाली उभी असली तरी गंजते.

सगळ्या सीट, मॅट, फेल्ट बाहेर काढा. फेल्ट परत वापरू नका. फरशी आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरच्या बोअरचं पाणी खारट नाही ना, हे आधी चाखून बघा. किनाऱ्यावर हा घोळ नेहमी होतो. दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग छोट्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत, बद आवाज आला तर तो भाग कापावाच लागणार.

गाडीवान: इतका खर्च कशाला? दरवर्षी मे महिन्यात खालून जळकं ऑइल फवारून घ्यायचं. आमच्याकडे सगळे ट्रकवाले तेच करतात.

पत्राकाम: ट्रकच्या जाड चॅसिसवर ते खपून जातं, दादा. ओम्नीला वेगळी चॅसिस नाही, पत्र्याची बॉडीच भार घेते. शिवाय जळक्या ऑइलने पाट्यांच्या सांध्यातले रबरी बुश आणि एक्झॉस्टचे रबरी हँगर फुगतात. सायलेन्सरवर पडलं तर पेट घेऊ शकतं आणि ब्रेक शूला लागलं तर ब्रेकच लागत नाही. आणि पहिल्या दोन-चार पावसांत निम्मं धुऊन जातं.

सीओटू_वेल्डर: सिलचा सडका भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा. २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी) पत्रा घ्या, कडेने १०-१२ मिमी चढवा. सलग वेल्ड ओढू नका, पत्रा वाकतो. आलटून-पालटून छोटे टाके मारा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. टाकी आणि पेट्रोलची नळी जवळ असेल तर उतरवा. वेल्ड झाल्यावर सांध्यावर सीम सीलर (फट बुजवणारी पेस्ट) हवाच.

हँगरजवळचं काम वेगळं. तिथे पाट्यांचा भार येतो, त्यामुळे वरून ठिगळ लावून भागत नाही. पाटा उतरवून आतली बाजू बघा. तीही सडली असेल तर तो पूर्ण तुकडाच बदलावा लागेल.

मालवण_०८: गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) पत्रा वापरला तर? पुन्हा गंजणार नाही ना?

सीओटू_वेल्डर: वेल्डच्या जागी जस्त जळून जातं, म्हणजे नेमकं जिथे हवं तिथेच संरक्षण उरत नाही. वेल्डमध्ये छिद्रं पडतात ती वेगळीच, आणि तो धूर छातीला वाईट. सीआरच बरा.

पत्राकाम: उरलेला भाग वायर कपने (ग्राइंडरला लावायच्या तारेच्या ब्रशने) घासून काढा. खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज स्थिर करणारं आम्लयुक्त द्रावण) लावा. तो काळा पडतो. मग डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन पूर्ण वाळवा. आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट पकडत नाही आणि सोलून येतो. दोन घटकांच्या इपॉक्सीचे दोन हात द्या. नुसता रेडऑक्साइड (साधा लाल प्रायमर) इथे टिकत नाही. अंडरकोटिंग त्यानंतर.

सिलच्या पोकळीत मात्र कोटिंग पोचत नाही. लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) आत फवारा. सिल आणि दारांच्या तळाची पाणी जाणारी भोकं आधी तारेने मोकळी करा, फवारल्यावर पुन्हा तपासा. एक्झॉस्ट, ब्रेकचे रबरी होज, हँडब्रेकची केबल आणि रबरी बुश झाकून घ्या.

ब्रेकच्या पायपांना ग्राइंडर लावू नका. त्यांच्या पत्र्याची जाडी एक मिमीही नसते. बारीक पॉलिश पेपरने हाताने पुसा. खाली गुळगुळीत धातू लागला तर ठीक, खड्डे दिसले तर पाइप बदला, आणि कोणी एसीचा तांब्याचा पाइप सुचवला तर घेऊ नका, तो कंपनाने तडकतो. हे काम कोटिंगच्या आधी उरका, नाहीतर गळती काळ्या थराखाली दिसणारच नाही.