मदत हवी आहे: गेमचा ट्रेलर बनवतोय, सुरुवातीला काय दाखवू?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, नोकरी सांभाळून गोडो या गेम इंजिनमध्ये एक छोटा गेम करायलोय. सिद्धेश्वर यात्रेतली नंदीध्वजाची काठी तोल सांभाळत ६८ लिंगांच्या मार्गावरून न्यायची, एवढंच, पण गर्दी, वळणं आणि वारा यामुळे लई अवघड जातं.

आता स्टीमवर (गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात) पेज टाकायचंय आणि गाडी ट्रेलरवर अडकलीय. सध्याचा कट दीड मिनिटाचा आहे, आधी लोगो, मग काळ्या स्क्रीनवर यात्रेची माहिती, मग कुठं खेळ दिसतो. मित्र म्हणतो तोवर माणूस पुढं स्क्रोल करून गेलेला असतो, थेट काठी कलंडायला लागते तिथनं सुरू कर. पटतंय, पण ज्यानं सोलापूरचा गड्डा, म्हणजे ही यात्रा, कधी बघितलीच नाही त्याला ती उंच काठी म्हणजे नेमकं काय ते कसं कळणार? खाली एखादी ओळ टाकली तर पुरेल का?

दुसरं, इन्स्टावर बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात, आणि माझा सगळा जोर हलगीवर आहे, काठी झुकेल तशी लय वाढते. आवाजाशिवाय तो ताण कसा दाखवायचा? कॅमेरा जवळ नेऊ की तोलाचा मीटर स्क्रीनवर राहू देऊ? मला तर मीटर ठेवावा वाटतो, नाहीतर खेळाडू नक्की काय करतोय तेच कळत नाही.

आणि हो, ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डरनं ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) रेकॉर्ड करताना जुना लॅपटॉप अडखळतो. गोडोचा मूव्ही मेकर हा रेकॉर्डिंगचा मोड कुणी वापरलाय का? त्यात फ्रेम सुटत नाहीत म्हणे, पण खेळ रिअल टाइममध्ये चालत नाही, मग हातानं खेळून रेकॉर्ड कसं करायचं? की इनपुट आधी सेव्ह करून नंतर रिप्ले करायचा?