युरेशियाशी मुक्त व्यापार करार: माल जाणार कुठून, पैसे येणार कसे?

न्हावाशेवा_फाइलवाला

२० ऑगस्ट २०२५ ला मॉस्कोत भारत आणि युरेशियन आर्थिक संघ यांनी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी कशावर करायच्या त्या मसुद्यावर सह्या केल्या. संघ म्हणजे रशिया, बेलारूस, कझाकस्तान, किर्गिझस्तान, आर्मेनिया. तेव्हापासून आमच्या मस्जिद बंदरच्या गल्लीत जो तो रशियाच्या गोष्टी करतोय. परवा एका गृहस्थांनी कटिंग पिता पिता विचारलं, "ड्यूटी शून्य झाली की कंटेनर लगेच सोडायचा ना?" त्यांना तोंडावर बोललो नाही, ते इथे लिहितो.

आपलं घोडं ड्यूटीपाशी अडलेलंच नाही. ते वाटेत अडलंय आणि बँकेत अडलंय.

आधी आकडा. २०२४-२५ मध्ये भारत-रशिया व्यापार जवळपास ६९ अब्ज डॉलरचा होता. त्यात आपली निर्यात ५ अब्जही नाही. २०२१-२२ मध्ये एकूण व्यापार १३ अब्जांच्या आसपास होता. म्हणजे तीन वर्षांत पाचपट झाला, पण तो कच्च्या तेलाने फुगवला. पाच देशांपैकी रशिया सोडला तर उरलेल्या चौघांना महासागर नाही. कझाकस्तानला कास्पियन आहे, पण न्हावाशेव्याहून कास्पियनला बोट जात नाही.

आता माझी एक फाइल, निर्यातीचे कागद करतो मी. भाईंदरचा स्टीलच्या भांड्यांचा एक कारखानदार, गिऱ्हाईक अल्माटीचं. कझाकस्तानवर कसलेही निर्बंध नाहीत. सर्वात सरळ वाट म्हणजे बंदर अब्बास, तिथून इराणमधून वर. कागद बँकेत गेले, तिथल्या बाईंनी बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या माल-पावतीवर बोट ठेवलं: "हे बंदर अब्बास काय आहे?" झालं. इराणवर अमेरिकेचे निर्बंध ना! फाइल कंप्लायन्सकडे, म्हणजे नियम तपासणाऱ्या खात्याकडे गेली ती गेलीच. बावीस दिवस भरलेला कंटेनर उरणच्या यार्डात उभा आणि मीटर चालू. शेवटी माल पूर्वेकडे चीनमध्ये छिंगदाओला उतरवला, तिथून रेल्वेने खोर्गोसवरून अल्माटी. भाईंदर ते अल्माटी, व्हाया चीन! ड्यूटी माफ झाली असती तर जेवढे वाचले असते, त्याच्या दुपटीने भाड्यात आणि डिटेन्शनमध्ये (कंटेनर अडून राहिल्याच्या पैशांत) गेले. करार असता तर यातलं काय बदललं असतं, कोणी सांगेल का?

दादरचा_दोरा

मी सांगतो. तुमची एक फाइल अडकली म्हणून पाच देशांचा बाजार सोडायचा?

आमचा तयार कपड्यांचा धंदा. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के लावले तेव्हा आमच्याकडे शिवून, इस्त्री करून, पेटीत भरलेला माल होता. गिऱ्हाइकाचा मेल आला, "होल्ड". त्या दिवसापासून मी ठरवलंय, एकाच दाराशी उभं राहायचं नाही. ब्रिटनशी करार झाला, स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या एफ्टा गटाशी झालेला १ ऑक्टोबर २०२५ पासून लागूही झाला. मग युरेशियाशी का नको?

आणि आपण बाहेर उभे राहिलो म्हणून जग थांबत नाही. व्हिएतनामचा या संघाशी करार २०१६ पासून चालू आहे. इराणचा मे २०२५ पासून. यूएईने जून २०२५ मध्ये सही केली. मॉस्कोच्या दुकानात माझा शर्ट आणि हनोईचा शर्ट एकाच खुंटीवर असतील, तर ड्यूटी मी भरायची आणि त्याने नाही, हे कसं परवडणार?

न्हावाशेवा_फाइलवाला

व्हिएतनामचं नाव काढलंत ते बरं केलंत. त्या करारात कपडे आणि फर्निचरच्या बऱ्याच ओळींना, म्हणजे ड्यूटीच्या यादीतल्या वस्तूंना, एक खटका बसवलेला आहे. ठरलेल्या प्रमाणापेक्षा आयात वाढली की सवलत बंद, नेहमीची ड्यूटी पुन्हा सुरू. आणि तो खटका प्रत्यक्षात ओढलाही आहे. म्हणजे विका, पण फार विकू नका. आपल्या करारात कपड्यांच्या ओळीपुढे तसली तळटीप येते का, ते आधी बघा, मगच पेढे वाटा.

पासबुक

बँकेत आहे, कुठल्या ते विचारू नका. भांड्यांच्या फाइलवाल्या बाई मी नव्हे, पण त्यांची बाजू सांगते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने फर्मान काढलं की रशियाच्या युद्धसामग्रीशी संबंधित व्यवहार हाताळणाऱ्या परदेशी बँकांवरही कारवाई होईल. इराणचं तर आधीपासूनच आहे. ज्या बँकेची न्यूयॉर्कमध्ये डॉलरची खाती आहेत, ती तुमच्या चाळीस लाखांच्या भांड्यांसाठी मान कापून देणार नाही. आमच्याकडे स्क्रीनवर लाल पट्टी येते. ती पुसायला तीन सह्या लागतात आणि तिसरा साहेब कायम मीटिंगमध्ये.

रुपयाची सोय आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये रुपयांत व्यवहाराची परवानगी दिली, त्यासाठीची व्होस्ट्रो खाती, म्हणजे परदेशी बँकांची आपल्या बँकांतली रुपया खाती, उघडली गेली. पण रशियाकडून आपण घेतो डोंगराएवढं आणि विकतो मूठभर. रुपये साचले. मे २०२३ मध्ये गोव्यात त्यांचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह उघड बोलले, अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत आणि वापरता येत नाहीत.

दादरचा_दोरा

अहो ताई, मग हे माझ्याच बाजूचं झालं की! ज्याच्या खिशात आपले रुपये पडून आहेत, त्याला आपला माल स्वस्त करून द्या, म्हणजे तो घेईल. याहून साधा हिशेब कुठला? करार त्यासाठीच तर आहे.

रुबलकाका

वय ७४, मुक्काम गिरगाव. हा हिशेब आम्ही करून बसलोय. १९५३ च्या करारापासून सोव्हिएत संघाशी व्यवहार रुपयांत चालायचा. साबण, टूथपेस्ट, होजियरी, चहा, काय नाही पाठवलं. पैसे हमखास, तक्रार नाही. आणि तिथेच घोळ झाला. पॅकिंग खातं विचारायचं, "हा लॉट कुठला?" रशियाचा म्हटलं की शिलाई सैल. "रशियाला चालतं" हे आमच्या कारखान्यात रोजचं वाक्य होतं. १९९१ ला देशच गेला, आणि जर्मनीला माल दाखवायला गेलो तर सॅम्पल टेबलावरून उचलूनही बघेनात. जुन्या कर्जाचा हिशेब १९९३ मध्ये लागला आणि ते आपण बराच काळ माल देऊन फेडलं, तेवढी वर्षं काही लोकांचं चाललं. आमचं नाही चाललं.

साचलेले रुपये खपवण्यासाठी म्हणून जो माल घेतला जातो, त्याचं गिऱ्हाईक कच्चं असतं, एवढंच सांगतो. बाकी तुम्ही शहाणे आहात.

चौलकर

थोडं अवांतर. १५ व्या शतकात त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन कास्पियनवरून इराण, मग होर्मुझ आणि तिथून बोटीने आमच्या चौलला उतरला. सोबत विकायला एक घोडा. म्हणजे आज ज्याला उत्तर-दक्षिण मार्गिका म्हणतात ती त्याने तेव्हाच केली. जुन्नरच्या खानाने घोडाच अडकवून ठेवला. पुढे त्याने लिहिलंय की मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण आमच्या देशाच्या उपयोगाचं फारसं काही नाही, जकात भारी आणि समुद्रावर चाचे फार. साडेपाचशे वर्षांपूर्वीचा फाइलवाला! रेवदंड्याला त्याच्या नावाचा स्तंभ आहे, अलिबागला गेलात तर बघून या.

दादरचा_दोरा

चौलकर, जकात भारी होती हे त्यानेही लिहिलं, नोंद घ्यावी :)

न्हावाशेवा_फाइलवाला

आणि चाचेही लिहिले. मार्गिकेचं विचाराल तर भारत, इराण, रशिया यांचा करार सन २००० चा. ७२०० किलोमीटरची वाट. जून २०२२ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून लाकडी लॅमिनेटचे दोन कंटेनर आस्त्राखान, अंझली, बंदर अब्बास करत न्हावाशेव्याला निघाले त्याची बातमी झाली. बावीस वर्षांनी दोन कंटेनर, तेही इकडे येणारे. इराणमध्ये रश्त ते अस्तारा १६२ किलोमीटर रूळच नाहीत. ते टाकायचा करार मे २०२३ मध्ये झाला. इराणच्या चाबहार बंदराला निर्बंधांतून दिलेली अमेरिकी सूट २९ सप्टेंबर २०२५ ला काढली, मग पुन्हा सहा महिन्यांची मुदत दिली. सहा महिन्यांच्या भरवशावर कोण गोदाम बांधतो?

लातूर_ते_लालबाग

सगळे निर्यातीवरच बोलताय. करार म्हणजे देणंही असतं. ते लोक मागणार काय? सूर्यफुलाचं तेल. युद्धाआधी आपल्याकडे ते मुख्यतः युक्रेनचं यायचं, आता रशिया सर्वात मोठा पुरवठादार. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरची मूळ ड्यूटी २० टक्के केली, तेव्हा आमच्याकडे सोयाबीनवाल्यांना जरा धीर आला. मे २०२५ मध्ये ती १० वर आणली. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये आहे. माझ्या चुलत्याने दिवाळीआधी लातूरला घातलं ते त्याच्या बऱ्याच खाली. करारात ही ड्यूटी शून्य झाली तर दादरच्या शर्टाची किंमत औश्याचा शेतकरी भरणार. त्याला कोणी विचारलंय?

पासबुक

दादा, पण वाशीला तेलाचा डबा महागला की आम्हीच ओरडतो ना. लालबागच्या घरी कोणतं तेल आणता?

लातूर_ते_लालबाग

सूर्यफूल. बायकोला डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून मुद्दा खोटा होत नाही.

दादरचा_दोरा

सोयाबीनचा मुद्दा मला मान्य आहे, तेल वगळलेल्या यादीत ठेवावं. पण फाइलवाल्यांनी एक गोष्ट लपवली. त्या पाच देशांत माल विकायला ईएसी शिक्का, म्हणजे माल संघाच्या नियमांत बसतो याची खूण, लागतो. त्याची तपासणी तिकडच्या प्रयोगशाळेची, तिकडच्या भाषेत. लहान मुलांचे कपडे तर विचारू नका. गेल्या खेपेला माझ्या तीन डिझाइनच्या तपासणीत हंगाम निघून गेला. करारात आपल्या प्रयोगशाळेचा अहवाल चालवून घेतला, तर एका शिक्क्यात पाच देश उघडतात. हे ड्यूटीपेक्षा मोठं आहे, आणि हे करारानेच होतं, बँकेने नाही.

न्हावाशेवा_फाइलवाला

लपवलं नाही, सुचलं नाही. ईएसीचं मान्य, पूर्ण मान्य. त्यावर आपले अधिकारी अडून बसले तर मी स्वतः हार घालीन. पण मग मूळ देशाच्या दाखल्याचं काय? अशा करारांत थेट पाठवणीची अट असते. वाटेत तिसऱ्या देशात माल कस्टमच्या नजरेबाहेर गेला की सवलत गेली. माझी भांडी छिंगदाओवरून गेली, तुमचे शर्ट जेबेल अलीत गोदामात उतरवून जातील. तिथे पेटी फोडून लेबल बदललं की तुमची शून्य ड्यूटी दुबईतच राहिली.

दादरचा_दोरा

म्हणून पेटी फोडायची नाही. सरळ रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराला पाठवायचं, बोटी चालू आहेत. भांडायचं ते भांडू, पण मी पुढच्या महिन्यात मॉस्कोला सॅम्पलच्या दोन पेट्या सोडतोय. कागद कराल का?

न्हावाशेवा_फाइलवाला

करीन की. शनिवारी दुपारी या, वडगादीच्या नाक्यावरून फोन करा, न्यायला येतो. अॅडव्हान्स आलाय का?

दादरचा_दोरा

साठ टक्के येणार म्हणतायत. रुपयांत.

न्हावाशेवा_फाइलवाला

आले की मग या.