श्टुटगार्टला शिफ्ट होतोय, पुण्यातून काय न्यावं? बजेट ६० हजार

चाकणची_सून
नमस्कार मंडळी. नवऱ्याला बोब्लिंगेनला नोकरी लागलीये, श्टुटगार्टच्या बाजूलाच आहे, ब्लू कार्डवर (शिकलेल्या नोकरदारांचा तिकडचा परवाना) चाललोय. जानेवारीत निघायचंय, आम्ही दोघं आणि चार वर्षांची लेक. माणशी २३ किलोच्या दोन बॅगा. कंपनी दीड महिना फर्निश्ड फ्लॅट देणारे, पुढचं घर आपलं आपण शोधायचं. इथल्या खरेदीसाठी ६० हजार बाजूला काढलेत, वर एक रुपया जाणार नाही, प्लीज त्यात बसेल असं सांगा. जाकिटं इथून घ्यायची का? मिक्सर-कुकर न्यायचा का? आणि तिघांनी एकदम जावं की आधी त्याने एकट्याने? सासूबाई म्हणतायत एकटा जाऊ दे.

नेकरकाठचा_बंड्या
अभिनंदन! जाकीट तिथून अजिबात आणू नका, तुळशीबागेतलं तर नकोच. मी इथे आल्या आल्या ३५० युरोचं घेतलं, अजून चेनसुद्धा गेलेली नाही. तिघांचे मिळून हजार युरो धरा आणि बूट वेगळे.

चाकणची_सून
दादा, हजार युरोतच माझं बजेट संपून वर जातंय 🙏

बंड्या
अहो पण थंडीत तडजोड नको ना.

सिंडेलफिंगेन_काकू
अगं ऐकू नकोस त्याचं, त्याला ब्रँडचं वेड आहे. लेकीसाठी क्लाइनआनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर बघ, सेकंड हँड, मुलांचे स्नोसूट दहा-पंधरा युरोत मिळतात कारण पोरं एका सीझनमध्ये वाढतात. पुण्यातून फक्त थर्मल घे, प्रत्येकी दोन जोड, आणि एअरपोर्टवरून घरी पोचण्यापुरतं एक बरं जाकीट. आणि हो, बालवाडीत, म्हणजे कीटामध्ये, माचहोजं मागतात, चिखलात खेळायची रबरी पँट, ती इथेच घे. पाऊस असो की बर्फ, पोरांना बाहेर काढतातच, आपला जीव वरखाली होतो.

मिक्सरवाला
मिक्सर आणाच. व्होल्टेज सेम आहे, २३० आणि ५० हर्ट्झ, काही जळत नाही. फक्त आपला तीन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, अडॅप्टर पुण्यातूनच दोन-तीन घेऊन या. इथला ब्लेंडर म्हणजे खेळणं, ओल्या खोबऱ्याचं वाटण होतच नाही.

श्वाबेन_जोशी
मिक्सर आणा पण लावणार कधी? रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद, रविवारी दिवसभर शांतता. खालच्या आजींनी आमच्या दारावर चिठ्ठी लावली होती, तीही रविवारच्या इडलीच्या पिठावरून.

मिक्सरवाला
मग शनिवारी वाटा की. चिठ्ठीला काय घाबरायचं.

श्वाबेन_जोशी
तुम्ही स्वतःच्या घरात राहता, भाडेकरूला घाबरावं लागतं.

सिंडेलफिंगेन_काकू
भांडू नका रे. कुकर आणायचा तर इंडक्शन बेसचा स्टीलचाच आण, बरीच घरं इंडक्शनची आहेत, त्यावर ॲल्युमिनियमचा तापत नाही.

अमेय_एस्लिंगेन
मुद्द्याचं कोणीच बोलत नाहीये. सगळ्यात मोठं काम घर. जाहिरातीतलं कोल्ड भाडं म्हणजे नुसती जागा, हीटिंग-पाणी वगैरे धरून वॉर्म भाडं, तेच बघा, वीज बहुतेक त्याच्याही वर. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन कोल्ड भाड्यांइतकं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा कायद्याने हक्क आहे, हे घरमालक आपणहून सांगत नाहीत. घर न बघता कोणी पैसे मागितले, किल्ली पोस्टाने पाठवतो म्हणाला, की सरळ फसवणूक. आणि किचन आहे का नक्की विचारा, खूप घरांत ओटा, सिंक काहीच नसतं, भिंतीतून नुसते पाइप.

गणेश_७८
किचन नसतं बरं का, नीट विचारून घ्या.

अमेय_एस्लिंगेन
तेच लिहिलंय वर 😀

अमेय_एस्लिंगेन
राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो कंपनीच्या टेम्पररी फ्लॅटवर मिळणार का ते आत्ताच एचआरला मेल करून विचारा. नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो, तो कंपनीला वेळेत नाही पोचला तर पगारातून सगळ्यात चढा टॅक्स कापतात, नंतर ॲडजस्ट होतो पण पहिल्या महिन्यात खिसा रिकामा. आणि लेटरबॉक्सवर तुमचं आडनाव चिकटवा, नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत जातं.

टोरांटो_रिटर्न
जर्मनी कशाला पण? भाषा शिकत बसा. कॅनडात निदान इंग्लिश चालतं.

बंड्या
मग रिटर्न का झालात?

टोरांटो_रिटर्न
वैयक्तिक कारणं.

फलटणचा_जावई
आम्ही दोन किलो साजूक तूप आणि कंदी पेढे आणले, कोणी बॅग उघडून बघितली नाही. बिनधास्त आणा.

सिंडेलफिंगेन_काकू
जावईबापू, उगाच नव्या लोकांना गोत्यात आणू नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, सापडलं तर काढून घेतात, वर दंड. कढीपत्ता, आंबे पण कागदाशिवाय चालत नाहीत. नारळ चालतो. गोडा मसाला, आमसूल, भाजणी, मेतकूट भरून आण. तूप इथेही मिळतं, नाहीतर बटर कढव.

फलटणचा_जावई
बटर कढवून फलटणच्या तुपाची चव येते का काकू, खरं सांगा.

श्वाबेन_जोशी
टीव्ही नसला तरी टीव्ही-रेडिओची फी घरटी महिना १८.३६ युरो द्यावीच लागते, पत्र येईल, कचऱ्यात टाकू नका. आणि या भागात केअरवोखे असते, पाळीपाळीने जिना आणि फुटपाथ झाडायचा, दाराला पाटी येते. बर्फ पडला की पहाटे उठून. पीएचडी करून जिना झाडतोय.

अमेय_एस्लिंगेन
हेल्थ इन्शुरन्सचं राहिलं. सरकारी पद्धतीचाच घ्या. वहिनी नोकरी करत नसतील तोवर त्या आणि मुलगी नवऱ्याच्याच हप्त्यात येतात. प्रायव्हेटवाले एजंट स्वस्त दाखवतात पण तिथे प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आणि परत सरकारीत यायला फार त्रास.

बंड्या
मी प्रायव्हेटमध्ये आहे, डॉक्टरची अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशी मिळते.

अमेय_एस्लिंगेन
तू एकटा आहेस रे.

सिंडेलफिंगेन_काकू
आणि सासूबाई बरोबर बोलतायत. आधी त्याला येऊ दे, घर मिळालं की तुम्ही दोघी या. जानेवारीत साडेचार-पाचला अंधार, अनोळखी गाव, लहान पोर, फ्लॅटमध्ये एकटी वैतागशील.

श्वाबेन_जोशी
+१

गणेश_७८
आधी त्यांना एकट्याला पाठवा.

चाकणची_सून
सगळ्यांना खूप थँक्यू, विशेषतः काकू आणि अमेय. एचआरला मेल टाकला, त्या फ्लॅटवर नोंदणी होते म्हणाले. ठरलं ते असं : थर्मल, गोडा मसाला, मिक्सर, अडॅप्टर. कुकर नाही, तिकडेच बघू. जाकिटं मावशीने आधीच घेऊन ठेवलीयेत तुळशीबागेतून, आता तिचं मन मोडवत नाही. आणि आम्ही तिघं एकदमच चाललोय. तो एकटा गेला की दोन महिन्यांचे चार होतात, शेजारच्या ताईंचं बघितलंय. वैतागायचं तर तिथे वैतागेन. खर्च ४१ हजार.

बंड्या
तुळशीबागेतून 🤦

गणेश_७८
मिक्सर कुठल्या कंपनीचा घेतलात?