मदत हवी आहे: सँडफ्लायसाठी नाल्यात औषध टाकावं का?

प्रश्न
गाव भंडारा जिल्ह्यातलं, मातीची घरं जास्त. पहिला पाऊस होऊन दीड महिना झाला. दिवेलागणीनंतर कोठ्याच्या भिंतीवर भुरक्या, केसाळ, डासाच्या जेमतेम निम्म्या माश्या बसतात, पंख व्हीसारखे वर. उडतात कमी, उड्याच मारतात. आवाज नाही. ही माशी चावून चांदीपुरा विषाणूचा ताप पोरांना होतो, त्या धास्तीने नाल्यात अळीनाशक टाकायचं ठरतंय. उपयोग होईल? आणि मे महिन्यात एकही नव्हती, मग आता कुठून आल्या?

उत्तर १
वर्णन सँडफ्लायचंच आहे. नाल्याचा नाद सोडा. वाहत्या पाण्यात वाढते ती ब्लॅकफ्लाय, साचलेल्या पाण्यात डास. सँडफ्लायच्या अळीला ओलसर माती आणि कुजकं शेण लागतं: भिंतीचा पाया, गव्हाणीखालची सांद, उंदराचं बीळ. मे महिन्याच्या ४५ अंशांत, कोरड्या हवेत ती टिकत नाही. ज्या उरतात त्या खोल भेगांत दडतात. माती ओलावली, उकाडा उतरला, की अंड्यापासून माशी व्हायला साधारण ५ ते ७ आठवडे. तुमचा दीड महिना तिथेच बसतो. झड लागून पाया तुडुंब भिजला तर अळ्या मरतातही. झड उघडून दमट ऊन पडलं, की त्यांचं फावतं.

उत्तर २
फवारणी भिंतीवर, तीही ६ फुटांपर्यंतच. माशी उंच जात नाही. आरोग्य केंद्राकडून अल्फासायपरमेथ्रिनची ५ टक्क्यांची पाण्यात मिसळणारी पावडर मिळते का पाहा. २५० ग्रॅम १० लिटर पाण्यात, तेवढ्यात ५०० चौरस मीटर भिंत होते. नोझल भिंतीपासून दीड फूट, भिंत ओली व्हावी पण ओघळ नको. पावडरच घ्या, पातळ औषध मातीत मुरतं, वर काही राहत नाही. आणि कपाशीचं उरलेलं औषध घरात मारू नका, भाऊ. २०१७ ला यवतमाळात शेतात फवारतानाच माणसं गेली.

प्रश्नकर्ता
पोळ्याला सगळे घर सारवतात. चालेल?

उत्तर २
तिथेच घोळ होतो. फवारलेल्या भिंतीवर शेणामातीचा हात फिरला की औषध खाली दबलं. आधी भेगा बुजवा, सारवा, भिंत वाळू द्या, मग फवारा. त्यानंतर निदान १० आठवडे भिंतीला हात नको. पोळ्याला जमीन सारवा, भिंती राहू द्या. शेणाचा ढीग घरापासून लांब न्या.

उत्तर १
साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही माशी आत शिरते; औषध लावलेली वापरा. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातच पहिल्यांदा सापडला. १५ वर्षांखालच्या पोराला अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके आले तर गावात सलाईन लावत बसू नका. २४ ते ४८ तासांत जिवावर बेतू शकतं, नेमकं औषध नाही. थेट जिल्हा रुग्णालय गाठा.