लोक आळशी आहेत की रस्तेच चालू देत नाहीत?

पायवाट:
नियमित व्यायामाचा विषय निघाला की गाडी लगेच आळसावर येते. 'मनात असेल तर वेळ निघतो' हे ठरलेलं वाक्य. मला ते अन्यायाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगातले सुमारे ३१ टक्के प्रौढ, म्हणजे १८० कोटी माणसं, पुरेशी हालचाल करत नव्हती. संघटनेची अपेक्षा तरी केवढी? आठवड्याला किमान १५० मिनिटं. पाच दिवस अर्धा तास झपझप चाललं तरी भागतं. १८० कोटी लोकांना आळशी ठरवण्याआधी त्यांच्या दाराबाहेर काय आहे ते बघा की! शाळा, दवाखाना, बसथांबा पायी पंधरा मिनिटांत असेल, पदपथ मध्येच तुटत नसेल, रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत नसेल, तर रोजच्या कामांतच व्यायाम होऊन जातो. उपदेश पुरे, पदपथ बांधा.

नेमधर्म:
अजिबात पटलं नाही. सुरेख पदपथ असूनही चार पावलांवर जायला गाडी काढणारे मी रोज बघतो. शिवाय तुम्ही अर्धीच शिफारस सांगितलीत. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम, हेही त्याच शिफारशीत आहे. रस्ता कितीही चांगला असला तरी त्याने खांदे बळकट होत नाहीत. त्यासाठी वेळ ठरवून काढावाच लागतो, आणि तिथे प्रश्न इच्छेचाच येतो.

शंकेखोर:
माझा आक्षेप वेगळा आहे. ज्यांना मुळात चालायला आवडतं तेच अशा वस्तीत घर शोधतात. मग श्रेय वस्तीचं कसं? ब्रिटिश आरोग्य-संशोधक जेरी मॉरिस यांचा लंडनच्या बस कर्मचाऱ्यांवरचा १९५३ चा अभ्यास सगळे सांगतात: बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी. पण पुढे १९५६ मध्ये मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर नोकरीला लागतानाच जास्त असल्याचं दिसलं. म्हणजे फरक कामाआधीपासूनच होता.

पायवाट:
@शंकेखोर, मुद्दा रास्त आहे, पण मॉरिस यांच्या त्या अभ्यासात टपालखातंही होतं. पायी किंवा सायकलवर टपाल वाटणारे आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तोच कल दिसला. आणि आवडीचंच म्हणाल, तर ज्याला चालायची आवड आहे पण वस्ती चालू देत नाही, त्याने काय करायचं? त्याची आवड मोजणार कोण?
@नेमधर्म, ताकदीच्या व्यायामाबद्दल तुमचं खरं आहे. ते रस्ता करून देणार नाही.

उंबरठा:
गाड्या बंद करा म्हणणाऱ्यांना गुडघे दुखणारी माणसं दिसतात का? माझ्या आईला वाहन दारापर्यंत लागतं.

पायवाट:
गाड्या बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. स्पेनमधल्या पोंतेवेद्राने १९९९ पासून शहराचा मध्यभाग पादचाऱ्यांसाठी मोकळा केला, तरी रहिवाशांची आणि मालाची ने-आण करणारी वाहनं तिथे जातात. बंद होते ती नुसती आरपार जाणारी रहदारी. आणि उंच पदपथाला उतार नसेल, तर काठी टेकत चालणारा माणूसच आधी घरात अडकतो.

नेमधर्म:
व्यापाऱ्यांचं काय? गिऱ्हाईक तुटतं ही त्यांची भीती खोटी म्हणायची?

सावली:
भीती खरी असते, पण कोपनहेगनच्या स्ट्रॉगेट या बाजाराच्या रस्त्यावर १९६२ मध्ये गाड्या हटवल्या तेव्हाही दुकानदारांचा विरोध होता. आधी तात्पुरता प्रयोग केला, १९६४ मध्ये तो कायम झाला. मला खरी काळजी भाड्याची आहे. वस्ती चालण्याजोगी झाली की घरं महागतात आणि रोज नाइलाजाने चालणाऱ्यांनाच दूर जावं लागतं. पदपथाबरोबर परवडणारी घरं मागणार नसाल, @पायवाट, तर माझा पाठिंबा धरू नका.