अनुभव धागा : युरोपातल्या शहरात जाण्याआधी वाचलेली कादंबरी

काल मार्केट यार्डात कांद्याची गोणी घ्यायला गेले होते. टेम्पोच्या फाळक्याशी एक हमाल वाकून उभा होता. दोघांनी त्याच्या पाठीवर पोतं ठेवलं, त्याने मानेला छोटासा झटका देऊन ते नीट बसवलं आणि चालू लागला. मी पिशवी धरून तिथेच उभी राहिले. हा माणूस मी आधी पाहिला होता. बार्सिलोनात, एका चर्चच्या दारावर.

२०१६ मध्ये आम्ही दोघं गेलो होतो. निघण्याआधी महिनाभर रोज रात्री इल्देफोन्सो फाल्कोनेसची 'कॅथेड्रल ऑफ द सी' वाचत होते. जाडजूड पुस्तक आहे. १४व्या शतकातल्या बार्सिलोनाची गोष्ट. सांता मारिया देल मार हे चर्च १३२९ ते १३८३ या काळात उभं राहिलं, तेही राजाच्या हुकमाने नाही तर बंदराजवळच्या वस्तीतल्या माणसांच्या पैशाने आणि कष्टाने. दगड माँजुइक टेकडीच्या खाणीतून यायचा. बंदरावरचे हमाल, तिथला शब्द बास्ताइश, तो पाठीवर वाहून आणायचे. मजुरी न घेता, देवीसाठी. कादंबरीचा नायक अर्नाउ अगदी पोरवयात पहिला दगड उचलतो. त्यांच्या डोक्यावर भार पेलायला एक गादीसारखी पट्टी असते, ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सरळ चुंबळच आली.

तिथे पोचल्यावर सगळे साग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चच्या रांगेत आणि मी ह्यांना घेऊन सांता मारियाच्या दाराशी. मोठ्या लाकडी दारावर ब्राँझचे छोटे छोटे हमाल आहेत, पाठीवर दगड घेऊन वाकलेले. कुणी दाखवले नाहीत तर माणूस दार ढकलून आत जाईल. मी हात लावून बघितला. आत गेल्यावर ते उंच खांब बघून पहिला विचार हाच आला की यातला प्रत्येक दगड कुणाच्या तरी मानेवरून आलाय.

दुसऱ्या दिवशी माँजुइकवरून चर्चपर्यंत चालत आलो. रिकाम्या हाताने. तरी पाय भरून आले.

आता माझी भाची पहिल्यांदाच युरोपात निघालीय आणि विचारतेय, "मावशी, काय वाचून जाऊ?" मला एकाच शहराचं सांगता येतं. तुम्ही कुठे जाण्याआधी काय वाचलंत? आणि तिथे गेल्यावर काय दिसलं जे एरवी दिसलं नसतं?

चिंचगूळ
कसलं सुंदर लिहिलंयस. कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत जेवढं होईल तेवढं लिहिते.
माझं नाही, आईचं. आई सातवी शिकलेली, इंग्रजी वाचता येत नाही. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला होते तेव्हा ती आली. येण्याआधी तिने माधुरी पुरंदरेंचं 'व्हॅन गॉग' दोनदा वाचलं होतं, आयर्विंग स्टोनच्या 'लस्ट फॉर लाइफ'चा मराठी अनुवाद. अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युझियममध्ये मी तिला माहिती सांगायला तयार होऊन गेले आणि झालं उलटंच. 'पोटॅटो इटर्स'समोर उभी राहून म्हणाली, "हे बघ, हात कसे काढलेत. ज्या हातांनी बटाटे उकरले त्याच हातांनी खातायत." शेजारी

चिंचगूळ
अर्धंच गेलं, शिट्टी झाली.
तर शेजारी उभ्या असलेल्या एक डच आजी विचारायला लागल्या, त्या काय म्हणतायत? मी भाषांतर करून सांगितलं. त्यांनी आईचा हात हातात घेतला. मग बदामाच्या मोहोराचं चित्र. ते व्हॅन गॉगने १८९०मध्ये भाऊ थिओच्या बाळासाठी काढलं आणि त्याच वर्षी जुलैत गेला. पाठोपाठ सहा महिन्यांत थिओही गेला, हे आईला माहीत होतं. तिथून हलेचना. माझा धाकटा मामा गेला त्याला तेव्हा वर्षच झालं होतं.

माणदेशी
डोळ्यांत पाणी आणलंत ताई.

रुमालवाला
रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

पाणीवाला
मी पाणीपुरवठ्यात तेहतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर मुलाने इटलीचं तिकीट काढलं आणि सोबत रॉबर्ट हॅरिसची 'पाँपेई' पाठवली. कादंबऱ्यांची मला सवय नाही, पण पहिल्या पंचवीस पानांत कळलं की नायक आपल्याच खात्यातला! अ‍ॅटिलियस नावाचा रोमन इंजिनियर, कामावर नवीन रुजू झालेला, आणि लाइनीचं पाणी बंद पडलंय. गळती शोधत तो व्हेसुव्हियस ज्वालामुखीकडे जातो. इ.स. ७९. पुढे काय होणार हे वाचणाऱ्याला माहीत, त्याला माहीत नाही.
पाँपेईत गाईड सगळ्यांना भित्तिचित्रं दाखवत होता. मी रस्त्याकडेला शिशाचे पाइप बघत होतो. फूटपाथला लागून उघडे पडलेत, सांध्यासकट. मग एकटाच चढावर व्हेसुव्हियस दरवाजापाशी गेलो. शहरातली सगळ्यात उंच जागा, तिथे पाणी वाटायची इमारत आहे. कालव्याचं पाणी आत येतं आणि तीन वाटांनी बाहेर जातं. वाटप उंचीवरून, उताराने. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आणि मी एकाच हिशोबाने काम करत होतो. रस्त्यांवरच्या मनोऱ्यांवर क्षाराचे थर दिसतात, आपल्या टाक्यांवर चढतात तसेच. मी अर्धा तास तिथे होतो. मुलगा शोधत आला.

रेवा८१
काका, केवढा आनंद दिसतोय तुमच्या लिहिण्यात! एक भर घालते. कादंबरीत उद्रेक ऑगस्टमध्ये आहे, जुन्या समजुतीप्रमाणे. पण २०१८मध्ये तिथे एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यावर १७ ऑक्टोबर ही तारीख येते. त्यामुळे आता बरेच अभ्यासक उद्रेक ऑक्टोबरमध्ये झाला असं मानतात. पुस्तक त्याआधीचं, २००३चं.

पाणीवाला
रेवाताई, हे माहीत नव्हतं. म्हणजे उन्हाळा संपून गेलेला. मग पाण्याच्या ताणाचा हिशोब थोडा बदलतो. धन्यवाद.

हिरवी_मिरची
मला मात्र उलटं वाटतं. आधी वाचू नये, परत आल्यावर वाचावं. आम्ही नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला गेलो ते ट्रेसी शेव्हालियेची 'गर्ल विथ अ पर्ल इअररिंग' वाचून. मी कादंबरीत इतकी बुडाले होते की चित्र डेल्फ्टमध्येच असणार असं धरून चालले. ते आहे हेगला, माउरित्सहाउसमध्ये! डेल्फ्टमध्ये ते काढणाऱ्या व्हर्मेरचं एकही मूळ चित्र नाही. आमची संध्याकाळची गाडी होती. चौकात बसून रडले मी. नवरा बिचारा वॉफल घेऊन आला.

रेवा८१
अगं! हेग तिथून ट्रेनने जेमतेम पंधरा मिनिटं.

हिरवी_मिरची
हो, ते गाडीत बसल्यावर कळलं. तीन वर्षांनी परत गेले, फक्त त्यासाठी. ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर, एवढंच चित्र आहे. आपल्या देवघरातल्या फोटोएवढं. ओठांच्या कोपऱ्यात पांढऱ्याचा एक ठिपका आहे, ओलसर दिसतो. त्याच म्युझियममध्ये 'व्ह्यू ऑफ डेल्फ्ट' आहे, ते बघताना पहिल्यांदा वाटलं की आता मी डेल्फ्टला आले. भाचीला सांग, कादंबरी वाच पण वस्तू कुठल्या गावात ठेवलीय ते आधी तपास.

म्हापशेकार
आमच्या घरात लिस्बन म्हणजे आजीच्या बोलण्यातलं गाव. तिचं शिक्षण पोर्तुगीजमधून, तिने लिस्बन कधी पाहिलं नाही. मी गेलो तेव्हा तिच्यासाठीच गेल्यासारखा गेलो. आधी सारामागोची 'बाल्टासार अँड ब्लिमुंडा' वाचली. सोपी नाही, वाक्यं पानभर चालतात, पूर्णविरामाची वाट बघावी लागते. पण गोष्ट अशी की राजा जुआंव पाचवा लिस्बनजवळ माफ्रा इथे प्रचंड मठ बांधायला काढतो, १७१७मध्ये. युद्धात डावा हात गमावलेला सैनिक आणि उपाशीपोटी माणसाच्या आतलं बघू शकणारी त्याची बायको. मठासाठी एक अजस्र दगड बैलांनी ओढून आणतात ते प्रकरण वाचताना माझा श्वास अडकला. धागाकर्त्या ताईंच्या हमालांचीच जात ही.
सगळे लिस्बनच्या बेलें भागात वास्को द गामाची कबर बघायला जातात. आम्हीही गेलो, गोंयकार म्हणून तिथे मनात काय काय येतं ते इथे लिहीत नाही. पण माफ्राच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा त्या शहराविषयी पहिल्यांदा माया वाटली. राजाच्या नावाने उभं आहे, बांधलं कुणी ते पुस्तकाने सांगितलं.

माणदेशी
म्हापशेकार, ते लिहाच कधीतरी. वेगळा धागा काढा.

चिंचगूळ
+१. आणि आजीचंही लिहा.

तांबडापांढरा
आमचं कोल्हापूरचं घ्या की. मी पोलंडमध्ये क्राकोवला कामासाठी गेलतो, कंपनीच्या. जाण्याआधी थॉमस केनिलीची 'शिंडलर्स आर्क' वाचली, १९८२चं बुकर मिळालेली. ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलरची फॅक्टरी लिपोवा रस्त्यावर आहे, आता म्युझियम. तिथून चालत घेट्टोच्या, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या चौकात गेलो. मोकळ्या चौकात नुसत्या धातूच्या खुर्च्या. रिकाम्या. माणसं बाहेर काढली तेव्हा त्यांचं सामानसुमान चौकात पडलं होतं, त्याची आठवण. पुस्तकातली नावं डोक्यात होती, बसवेना खुर्चीवर.
पण सांगायचं दुसरंच आहे. म्युझियमात एका वयस्कर पोलिश बाईंनी विचारलं कुठले, मी म्हटलं कोल्हापूर. म्हणाल्या, "वळिवडे?" अंगावर काटा आला राव. त्यांची मावशी लहानपणी वळिवड्याच्या छावणीत होती. १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश निर्वासित आपल्याकडं राहिलेले. मी वळिवड्यापासून चार किलोमीटरवर वाढलो आणि शाळेत कुणी नीट सांगितलं नव्हतं.

पाणीवाला
गांधीनगर म्हणतात तेच ना? आमची एक लाइन जायची तिकडून.

तांबडापांढरा
तेच काका. पोलिश लोक गेल्यावर तिथं सिंधी निर्वासित आले. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे आता.

रेवा८१
अवांतर पण हवंच असं. या छावणीवर मराठीत कादंबरी यायला हवी. पोलिश माणसांनी कोल्हापूरला येण्याआधी वाचावी अशी.

रुमालवाला
आलो. माझी लंडनची. हिलरी मँटेलची 'वुल्फ हॉल'. पहिली शंभर पानं कळेना 'तो' म्हणजे कोण, मग उमगलं की बहुतेक वेळा राजाचा मंत्री क्रॉमवेलच. धीर धरा, सोडू नका. राजा आठवा हेन्री आणि त्याची राणी अ‍ॅन बोलीन. १५३६च्या मे महिन्यात तिचं डोकं उडवलं आणि राजवाड्यांतून तिची चिन्हं काढून टाकायचा सपाटा लागला. हँप्टन कोर्टच्या मोठ्या दालनात मात्र कोरीवकामात एच आणि ए ही गुंफलेली अक्षरं कारागिरांच्या नजरेतून सुटून राहिलीत. मी मान वर करून शोधत होतो. मुलीला आधी दिसली, तिचे डोळे तरुण. "बाबा, तो बघा ए!" ती कादंबरी तिने वाचली नव्हती, पण घरी येऊन तिन्ही भाग वाचले.

हिरवी_मिरची
बघा, परत आल्यावरच वाचले ना!

रुमालवाला
तुमचा मुद्दा मान्य.

शेवगा
घाईत लिहितेय, पोरीला क्लासला सोडायचंय. पॅरिस. ह्यूगोची नोत्र दाम चर्चवरची कादंबरी, १८३१ची. एक कायम लक्षात ठेवा, वरच्या सज्जातले ते गालाला हात लावून बसलेले राक्षस मध्ययुगातले नाहीत. चर्च पडायला आलं होतं, कादंबरीने लोकांना जाग आली, मग वास्तुकार व्हिओले-ल्ये-द्यूकच्या दुरुस्तीत ते बसवले. म्हणजे पुस्तक आधी, राक्षस नंतर! २०१९च्या आगीची बातमी बघताना मी टीव्हीसमोर उभी होते. २०२४च्या डिसेंबरात उघडलं पुन्हा. जायचंय. बाकी रात्री.

माणदेशी
मी कुठंच गेलो नाही अजून. पण यादी वहीत उतरवून घेतली. चुंबळीला आमच्याकडे चुंबळच म्हणतात, आजीची अजून माळ्यावर आहे, जुन्या लुगड्याची.

चिंचगूळ
माणदेशी, जपून ठेवा हो ती.

(धागाकर्ती)
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. भाचीला धागा वाचून दाखवला. बार्सिलोना आणि लिस्बन दोन्ही आहेत तिच्या बेतात, पण हातात पाच आठवडेच, म्हणून एकच पुस्तक निवड म्हटलं. तिने सारामागो उचललं, पानभर वाक्यांसकट. म्हापशेकार, माफ्राला लिस्बनहून बस कुठून सुटते ते सांगाल का? आणि दारावरचे हमाल शोधायला तिला मी माझा जुना फोटो पाठवलाय. त्यात हमालापेक्षा माझा अंगठाच जास्त आलाय, तरी सापडतील.