प्रतिसाद: ताकदीपेक्षा रिमोट महत्त्वाचा
अनेकांना वाटतं की ग्राफिक्स ज्याचे भारी, तोच कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) घराघरांत जातो. इतिहास तसं सांगत नाही. २००६ साली सोनीचा प्लेस्टेशन ३ आणि निन्टेन्डोचा वी हे कन्सोल एकाच महिन्यात बाजारात आले. ताकदीत वी कुठेच नव्हता, एचडी चित्रसुद्धा नाही. तरी १० कोटींच्या वर खपला. कारण निन्टेन्डोने गेमर सोडून बाकीच्यांचा विचार केला. डझनभर बटणांचा कंट्रोलर पाहूनच जे लांब पळतात, त्यांच्या हातात टीव्हीच्या रिमोटसारखी कांडी दिली. टेनिस खेळायचं? हात फिरवा, झालं. जपानबाहेर बहुतेक ठिकाणी तो खेळ डब्यातच मिळायचा, त्यामुळे आजीसुद्धा पहिल्याच दिवशी खेळायला बसू शकत होती.

किंमतही आहेच. अमेरिकेत वी २५० डॉलरला, तर प्लेस्टेशन ३ चं वरचं मॉडेल ५९९ ला!



पण असा गेमर नसलेला ग्राहक टिकवणं महाकठीण. निन्टेन्डोचा पुढचा कन्सोल वी यू जेमतेम सव्वा कोटींच्या पुढे गेला. नावावरून हा नवा कन्सोल आहे की जुन्या वीला जोडायची पडद्याची पाटी, हेच अनेकांना कळेना. हे नाव सुचवणाऱ्याला साष्टांग नमस्कार!